जैसलमेरच्या वाळूतली संध्याकाळ, उंटाची सवारी आणि राजस्थानी जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की फोन सुरू होतात. 'जैसलमेरला चाललोय, ते वाळवंटातलं प्रकरण कसं असतं रे?' मी चार वेळा जाऊन आलोय; एकदा आईला घेऊन, एकदा भाचरांच्या फौजेसह. प्रश्न तेच असतात आणि उत्तरंही तीच, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

या संध्याकाळी नेमकं काय काय असतं?

दुपारी चारच्या सुमारास कँपवर पोचायचं. कपाळाला टिळा लावतात, ढोलक वाजतो, चहा-भजी मिळतात. मग उंटावरून वाळूच्या टेकड्यांवर जायचं. या टेकड्यांना तिकडे 'धोरे' म्हणतात. तिथे सूर्यास्त बघून परत यायचं. अंधार पडला की कँपच्या पटांगणात गाद्या-लोड मांडून गाणी आणि नाच, मध्ये शेकोटी, नवाच्या आसपास जेवण. ज्यांना राहायचं ते तंबूत झोपतात, बाकीचे गाडीने शहरात परततात.

यातला बराचसा भाग पर्यटकांसाठी मांडलेला आहे हे धरूनच जा. पण उंट खरा असतो, गाणारे खरे असतात आणि स्वयंपाकी बरा मिळाला तर जेवणही खरं असतं. या तिघांकडे लक्ष ठेवलं तर पैसे वसूल.

सम की खुरी?

धोरे बघायची ही दोन ठिकाणं. सम जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. खुरी तेवढ्याच अंतरावर, पण नैर्ऋत्येला. सममध्ये धोरे मोठे, सलग आणि फोटोत दिसतात तसे. तिथे कँपांची रांगच्या रांग आहे आणि हंगामात चौपाटीवर असते तशी गर्दी. खुरी हे आधी गाव आहे आणि नंतर पर्यटनस्थळ. धोरे लहान, पण गलका कमी. मुलांना 'खरंखुरं वाळवंट' दाखवायचं असेल तर सम, दोन तास कुणी काही विकायला येऊ नये असं वाटत असेल तर खुरी. मला विचाराल तर खुरी. आमच्या घरात मात्र हे मत अल्पमतात आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. संपूर्ण थरचं वाळवंट म्हणजे वाळूच्या लाटा नव्हेत. जैसलमेरहून समला जाताना बराच वेळ खडकाळ माळ, खुरटी झुडपं आणि पवनचक्क्या दिसतात. गाडीतले लोक 'अहो, वाळवंट कुठंय?' म्हणून ड्रायव्हरला भंडावून सोडतात.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते मार्च. त्यातही नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे सगळ्यात सुखाचे. डिसेंबर-जानेवारीत दिवसा छान ऊन असतं, पण रात्री पारा एक आकडी होतो. पुण्याची थंडी सोसलेला माणूस 'एक स्वेटर पुरे' म्हणतो आणि रात्री दहाला ब्लँकेट मागत फिरतो. वाळू दिवसा जितकी झटकन तापते तितकीच झटकन गार होते, त्यामुळे सूर्य बुडाल्यावर तासाभरात हवा बदलते. कानटोपी न्या. एप्रिलपासून पुढे पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये त्याच्याही बराच वर जातो. तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

माघ पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरात तीन दिवसांचा मरू महोत्सव भरतो. पगडी बांधण्याच्या आणि मिशांच्या स्पर्धा, उंटांचे खेळ असं सगळं असतं. बघण्यासारखा आहे, पण खोल्या खूप आधी घ्याव्या लागतात. ३१ डिसेंबर टाळा. दर भलतेच चढलेले असतात आणि कमायच्याचा (हे तिकडचं गजाने वाजवायचं वाद्य) सूर डीजेखाली चिरडला जातो.

सूर्यास्त चुकू नये म्हणून किती वाजता निघायचं?

डिसेंबरात सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो, फेब्रुवारीअखेर पावणेसातच्या सुमारास. सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी कँपवर पोचलेलं बरं. लोक वाटेत कुलधरा हे ओसाड पडलेलं जुनं गाव बघायला थांबतात, तिथे फोटोत रमतात आणि मग अंधारात उंटावर बसतात. कुलधरा सकाळच्या बाजूला उरका.

उंटावर बसायची भीती वाटते. माणूस पडतो का?

चालताना सहसा नाही. धोका आहे तो उंट उठताना आणि बसताना.

बसलेला उंट उठताना मागचे पाय आधी ताठ करतो. त्यामुळे तुम्ही एकदम पुढे झुकता, उंटाच्या मानेवरून घरंगळणार असं वाटतं, आणि पुढच्याच क्षणी पुढचे पाय उभे राहतात तसे मागे फेकले जाता. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतात, म्हणजे पुन्हा पुढे झोक. उपाय एकच: दोन्ही वेळा अंग मागे रेला, पलाणाची मूठ घट्ट धरा, हातात मोबाईल नको. पलाण म्हणजे उंटाचं खोगीर. त्यावर बहुधा दोघं बसतात. पुढच्याला मूठ मिळते, मागच्याला मागची दांडी किंवा पुढच्याची कंबर. घाबरट माणसाला मागे बसवायचा मोह होतो, पण हेलकावा मागेही तेवढाच बसतो. त्याला आधाराची मूठ मिळू द्या, पुढेच बसवा.

उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. म्हणून घोड्यासारखी उडी बसत नाही, होडीसारखं डुलणं होतं. कंबर सैल सोडली की दहा मिनिटांत ताल सापडतो. ताठ बसलात तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उंटाची आठवण येईल. उंटवाला 'झे, झे' करायला लागला की समजायचं, उंट आता खाली बसणार. रेला मागे.

साडी किंवा पंजाबी ड्रेस चालेल का? पायात काय घालावं?

पाय फाकवून बसावं लागतं, त्यामुळे साडी नको. नऊवारीवाल्यांना मात्र अडचण नाही! सैल पँट किंवा सलवार उत्तम. ओढणी आणि मफलर नीट खोचून घ्या. बूट घातले तर वाळू आत जाते, चपला घातल्या तर पाय भाजतात किंवा गारठतात. मी मोजे चढवून पट्ट्यांचे सँडल घालतो. दिसायला भयंकर, पण सोयीचं.

आईचे गुडघे दुखतात. वडिलांना मणक्याचा त्रास आहे. पाच वर्षांची मुलगी आहे. काय करू?

गुडघ्यांचं दुखणं असेल तर उंट बसलेला असताना चढता येतं, पण उतरताना पाय वळवणं जड जातं. माझ्या आईला दोघांनी धरून उतरवलं. मणक्याचा, मानेचा त्रास असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर उंट नकोच, कारण उठता-बसतानाचा तो झटका चांगलाच असतो. गरोदर असाल तरीही नको. अशांसाठी उंटगाडी असते, तीत ऐसपैस बसून धोऱ्यांपर्यंत जाता येतं. पाच वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या पुढे बसवा, एकटीला नाही. लहान मुलं पहिल्या झटक्याला रडतात आणि परतताना उतरायला तयार नसतात.

आमच्या उंटाच्या तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आला आणि तो गुरगुरत होता. आजारी होता का?

नाही, तो माजावर होता. हिवाळा हा उंटांचा विणीचा काळ. नराच्या टाळूचा मऊ भाग फुग्यासारखा तोंडाबाहेर लोंबतो, तोंडाला फेस येतो, मानेमागून काळपट, उग्र वासाचा स्राव पाझरतो. हे सगळं माद्यांना भुलवायला आणि दुसऱ्या नरांना दटावायला. गंमत अशी की पर्यटकांचा हंगाम आणि उंटाचा माज एकाच वेळी येतात. असा उंट चिडका असतो, चावूही शकतो. तोंडाजवळ जाऊन सेल्फी काढू नका आणि शक्य असेल तर दुसरा उंट मागा.

उंटावर बसणं म्हणजे त्याच्यावर अन्याय नाही का?

हा प्रश्न मुलं विचारतात. मोठ्यांनीही विचारावा.

उंट या प्रदेशासाठीच घडलेला प्राणी आहे. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. नाकपुड्या मिटता येतात, पापण्यांचे केस दुहेरी रांगेत असतात, पाऊल रुंद आणि गादीसारखं, म्हणून वाळूत रुतत नाही. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या घरात पाणी पिऊ शकतो. अशा प्राण्याला माणसाचं ओझं हा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो त्याला कसं ठेवलं आहे याचा. बसण्याआधी एक मिनिट बघा: वेसणीजवळ जखम आहे का, पलाणाखाली कातडं सोललंय का, लंगडतोय का, बरगड्या दिसतायत का. काही खटकलं तर दुसरा उंट घ्या आणि का घेतला ते मालकाला सांगा. दोन धिप्पाड माणसांनी एकाच उंटावर बसू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी बाजूही आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. ट्रॅक्टर आणि जीप आल्या, चराऊ रानं कमी झाली. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये उंटाची कत्तल व परराज्यात नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या राईका-रेबारी समाजातल्या अनेकांची तक्रार अशी, की त्यामुळे गिऱ्हाईक आटलं आणि भाव पडले. उंट पाळणं परवडलं तरच कुणी पाळणार. पर्यटकाची सवारी हे परवडण्याचं एक कारण आहे, हे विसरून चालत नाही.

उंट घेऊ की जीप?

दोन्ही वेगळी सुखं आहेत. उघड्या जीपमध्ये उभं राहून धोऱ्यांवरून खाली झेपावताना पोटात गोळा येतो, तरुण मंडळींना तेच हवं असतं. पण जीपमध्ये माणसं कोंबून भरतात आणि एकमेकांशी शर्यत लावतात. आमच्या एका फेरीत ड्रायव्हरने गरज नसताना तिरप्या चढावर वळण घेतलं आणि माझा खांदा दांडीवर आपटून महिनाभर दुखला. 'हळू चालव' हे निघण्याआधी सांगायचं असतं, चढावर नाही. आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर जीप नको.

कार्यक्रमात गाणारे कोण असतात? की कुणीही असतं?

या प्रश्नावर मी थोडा जास्त बोलतो, कारण बहुतेक जण या वेळेला स्टार्टर खाण्यात गुंतलेले असतात.

गाणारे बहुधा मांगणियार असतात. आपल्याकडे गोंधळ्यांची यजमान घरं ठरलेली असतात, तशीच मांगणियारांची. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न निघालं, की हे जाऊन गाणार, घराण्याची वंशावळ गाऊन दाखवणार. मांगणियार धर्माने मुसलमान, त्यांचे यजमान मुख्यतः राजपूत आणि इतर हिंदू. त्यामुळे त्यांच्या गाण्यांत कृष्णही येतो आणि पीरही. लंगा हा असाच दुसरा गायक समाज, त्यांचे यजमान मुख्यतः सिंधी मुसलमान.

वाद्यांपैकी कमायचा दिसला तर बाकी सगळं सोडून तिकडे बघा. आंब्याच्या एकाच लाकडात कोरलेला गोल भोपळा, त्यावर बकऱ्याचं कातडं, तातीच्या आणि धातूच्या तारा, आणि गजाने वाजवल्यावर येणारा जाडाभरडा, घशातून आल्यासारखा सूर. हमीरा गावचे साकर खान हे या वाद्याचे मोठे वादक. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अन्वर खान मांगणियार यांना २०२० मध्ये. म्हणजे ज्यांना आपण जेवणाआधीची करमणूक समजतो, त्यांच्या बिरादरीत असे लोक आहेत. खरताळ म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, प्रत्येक हातात दोन. दहा वर्षांचा पोरगा त्या अशा वाजवतो की आपले टाळ-चिपळ्या आठवतात आणि आपण ताल धरायचा विसरतो.

फिल्मी गाण्यांची फर्माईश करू नका. 'मांड (राजस्थानी गायकीचा एक प्रकार) ऐकवा' किंवा 'तुमच्याकडे लग्नात गातात ते ऐकवा' एवढं म्हणा. गाणाऱ्याचा चेहरा बदलतो. गेल्या खेपेला असं म्हटल्यावर एका म्हाताऱ्या गायकाने माईक बाजूला सारला आणि आमच्या गादीपाशी येऊन बसून गायला.

काळ्या घागऱ्यातला नाच कोणता?

कालबेलिया. हा मुळात गारुड्यांचा समाज. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप बाळगणं बंद झालं, तेव्हा पोटापाण्यासाठी नाच पुढे आला. काळा, भरतकाम केलेला घागरा आणि नागासारखी लवचीक अंगं. २०१० मध्ये या गाण्या-नाचाचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. गुलाबो सपेरा यांनी तो जगभर नेला, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. डोक्यावर एकावर एक घागरी ठेवून नाचतात ती भवाई. शेवटी पाहुण्यांना ओढून नाचायला नेतात. नको असेल तर हात जोडून बसा, कुणी रागावत नाही. नाचणाऱ्या बाईच्या अंगावर नोटा उडवणारे महाभाग दिसतील. त्यांच्यातले आपण होऊ नये. जे द्यायचं ते शेवटी, हातात, संपूर्ण चमूला.

जेवणात काय असतं? फार तिखट असतं का?

दाल-बाटी-चुरमा, केर-सांगरी, गट्ट्यांची भाजी, कढी, बाजरीची भाकरी, लसणाची लाल चटणी, पापड, शेवटी मुगाचा हलवा किंवा तत्सम गोड. बहुतेक कँपांचं जेवण शाकाहारी; लाल मांस (लाल मिरचीतलं तिखट मटण) हवं असेल तर आधी सांगावं लागतं. कोल्हापूरच्या माणसाला तिखट लागणार नाही, पण तूप जास्त वाटेल.

या ताटातलं सगळ्यात वाळवंटी काय असेल तर केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, तिच्या शेंगांची भाजी! केर ही काटेरी झुडपाची कडवट फळं, ती ताकात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवून कडूपणा काढतात. दोन्ही वाळवून वर्षभर टिकतात. जिथे पाणी कमी आणि हिरवी भाजी दुर्मीळ, तिथला स्वयंपाक असाच उभा राहतो: डाळीचं पीठ, दही, ताक, सुकवलेल्या शेंगा आणि तूप. गट्टेही त्याच हिशेबातले, बेसनाचे.

बुफेत मात्र या भाजीच्या शेजारी पनीर बटर मसाला आणि नूडल्स ठेवलेले असतात, आणि रांग तिकडेच असते. काय बोलणार.

बाटी म्हणजे आपली खानदेशी बट्टीच ना?

सख्ख्या नाही, चुलत बहिणी म्हणू. खानदेशात बट्टी बऱ्याचदा उकडून, कापून तळतात आणि सोबत वरण नि वांग्याची भाजी. राजस्थानी बाटी जाडसर कणकेची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली, फोडून तुपात बुडवलेली. जळगावचे आमचे काका पहिल्या घासाला 'बरी आहे' म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच पावती.

उंटिणीचं दूध प्यावं का?

मिळालं तर चहातून प्या, आणि उकळलेलंच. किंचित खारट, पातळ लागतं. औषधी गुणांबद्दल तिथे बरंच ऐकवतील, त्यातलं सगळं खरं मानायची गरज नाही. उंटाविषयी खरोखर जाणून घ्यायचं असेल तर बिकानेरला राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे, १९८४ पासूनचं. वाटेत असेल तर जरूर जा.

रात्री तंबूत राहावं की परतावं?

राहा. तंबू म्हणजे बहुतेक ठिकाणी पलंग, गाद्या, संडास-बाथरूमसकट खोलीच असते. गरम पाणी मिळतं का ते आधी विचारा. राहायचं कारण तंबू नव्हे, पहाट. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीचे सगळे पाय, चाकं पुसून टाकलेली असतात. सहा-साडेसहाला एकटेच धोऱ्यावर चढा. वाळूवर भुंग्यांच्या आणि सरड्यांच्या पावलांची नक्षी दिसते.

तारे दिसतात का?

कँपमधून फारसे नाहीत, कारण दिव्यांचा झगमगाट. जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन दोन-तीन जण मिळून थोडं लांब जा, धोऱ्याच्या पलीकडे उतरा, बॅटरी विझवा आणि दहा मिनिटं थांबा. हिवाळ्यात मृग नक्षत्र, कृत्तिका डोक्यावर असतात. अमावास्येच्या आसपासची तारीख घेतली तर उत्तम. पौर्णिमेला तारे कमी, पण पिठूर चांदण्यात वाळू दिसते ती वेगळीच चीज.

माळढोक दिसेल का?

कँपवरून नाही. तिथे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी. सम-खुरीचा परिसर मरू राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, आणि जगात उरलेले बहुतेक माळढोक याच पट्ट्यात आहेत. आपल्या सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तोच हा पक्षी. विजेच्या तारांना धडकून मरणं हे त्याच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण. बघायचा असेल तर वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्यासह, पहाटे जावं लागतं, आणि तरीही नशीब लागतं. फटाके आणि मोठे स्पीकर नकोत, हे या शेजाऱ्यासाठीही.

पैसे ठरवताना काय विचारायचं?

'उंट धरून आहे का' एवढं पुरत नाही. किती वेळ, ते विचारा. बऱ्याच पॅकेजांत पंधरा-वीस मिनिटांची फेरी असते, रस्त्यापासून पहिल्या धोऱ्यापर्यंत आणि परत. तासभर हवा असेल तर तसं आधीच ठरवा. एका उंटावर किती जण, जीप वेगळी की धरून, शहरातून नेणं-आणणं कुणाकडे, कार्यक्रमात जिवंत गाणं आहे की रेकॉर्ड लावतात, हे सगळं फोनवरच विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. रस्त्यात गाडी अडवून 'आमच्या कँपला चला' म्हणणारे भेटतात, त्यांच्यामागे जाऊ नका. रोख पैसे सुटे ठेवा, धोऱ्यावर मोबाईलची रेंज रुसते आणि यूपीआय अडतं.

उंटवाल्याला बक्षिसी द्यावी का?

द्यावी. उंट बऱ्याचदा त्याचा स्वतःचा नसतो आणि फेरीमागे हाती पडणारी रक्कम थोडी असते. कँपच्या काउंटरवर नको, त्याच्या हातात द्या. उंटाचं नावही विचारा. आमच्या उंटाचं नाव रॉकेट होतं, आणि तो अख्ख्या ताफ्यात सगळ्यात मागे होता.